द्विनोंदी हिशेबासाठी डेटाबेसची टेबले कशी आखावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात लहान व्यापारी, कारखाने आणि गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणारे तरुण प्रोग्रामर आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वाचकाला एसक्यूएल येते आणि नावे-जमा हे शब्द ऐकून माहीत आहेत, एवढे आम्ही गृहीत धरले आहे. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराच्या नावे रकमांची बेरीज जमा रकमांच्या बेरजेइतकीच असते. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो: पक्की झालेली नोंद बदलायची नाही आणि शिल्लक नेहमी नोंदींमधूनच काढायची. पुढची बहुतेक उत्तरे याच भूमिकेतून निघाली आहेत.

तारीख, 'कोणत्या खात्यातून', 'कोणत्या खात्यात' आणि रक्कम असे चार रकाने असलेले एकच टेबल का पुरत नाही?

गल्ल्यातले 10,000 रुपये बँकेत भरले, इतकाच व्यवहार असेल तर ते पुरते. पण धंद्यातले बहुतेक व्यवहार दोन खात्यांत मावत नाहीत. वागळे इस्टेटमधील एका भागीदारी संस्थेने रबाळ्याच्या कारखान्यातील यंत्रे दुरुस्त केली आणि 50,000 रुपयांचे बिल केले, असे धरू. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातच असल्याने 18 टक्के जीएसटी निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा लागतो. त्या एका बिलाची नोंद अशी होते:

रबाळ्याच्या ग्राहकाचे खाते, नावे 59,000.00
दुरुस्ती उत्पन्न, जमा 50,000.00
देय सीजीएसटी, जमा 4,500.00
देय एसजीएसटी, जमा 4,500.00

महिन्याभराने ग्राहक पैसे देतो तेव्हा मूळ 50,000 वर 2 टक्के टीडीएस कापून 58,000 रुपयेच बँकेत पाठवतो. मग पावतीची नोंद होते ती अशी:

बँक, नावे 58,000.00
टीडीएस येणे, नावे 1,000.00
रबाळ्याच्या ग्राहकाचे खाते, जमा 59,000.00

चार रकान्यांच्या टेबलात हे बसवायचे झाले तर बिलाचे तीन आणि पावतीचे दोन तुकडे करावे लागतात, आणि हे तुकडे एकाच कागदाचे आहेत हे सांगणारी खूण नंतर वेगळी जोडावी लागते. ती खूण जोडली की आपण व्हाउचरचे, म्हणजे एका व्यवहाराची पूर्ण नोंद असलेल्या कागदाचे, टेबल तयार केलेले असते, फक्त उशिरा आणि वाकडे. कारखाना गुजरातेत वापीला असता तर कराच्या दोन ओळींऐवजी आयजीएसटीची, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरच्या कराची, 9,000 रुपयांची एकच ओळ आली असती. ओळींची संख्या अशी व्यवहारागणिक बदलते, म्हणून ती टेबलाच्या रचनेत कायमची कोरून ठेवता येत नाही.

मग किमान किती टेबले लागतात आणि त्यांत काय असावे?

तीन. पहिले खात्यांचे, दुसरे व्हाउचरचे आणि तिसरे व्हाउचरच्या ओळींचे.

खात्याच्या टेबलात नाव, प्रकार आणि पालक खाते असावे. प्रकार पाचच असतात: संपत्ती, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च. पालक खात्याच्या रकान्यामुळे गट आणि उपगट तयार होतात. मात्र नोंद फक्त सर्वांत खालच्या खात्यावरच पडेल अशी अट घालावी, नाहीतर गटाची बेरीज आणि गटावरची थेट नोंद यांचा घोळ होतो. खात्याला लेखापालाने दिलेला सांकेतिक क्रमांक असेल तर तो वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि प्राथमिक की म्हणून वापरू नये, कारण सीए बदलला की असे क्रमांकही बदलतात, हा आमचा अनुभव आहे.

व्हाउचरच्या टेबलात प्रकार, क्रमांक, तारीख, तपशील, नोंद करणाऱ्याची ओळख आणि नोंदीची वेळ असते. प्रकार ठरलेले आहेत: विक्री, खरेदी, पावती, पेमेंट, कॉन्ट्रा (रोख आणि बँक यांच्यातली आपापसातली नोंद), जर्नल (इतर कोणत्याही प्रकारात न बसणारी नोंद), क्रेडिट नोट, डेबिट नोट. ओळींच्या टेबलात व्हाउचरचा संदर्भ, खात्याचा संदर्भ आणि रक्कम एवढेच अनिवार्य आहे.

रोजकीर्द आणि खतावणी यांची दोन वेगळी टेबले करावीत का, असे याच्या पाठोपाठ विचारले जाते. करू नयेत. लुका पाचोली यांचा जो ग्रंथ 1494 साली व्हेनिसमध्ये छापला गेला, त्यात तीन वह्या सांगितल्या आहेत: कच्च्या टिपणांची, तारीखवार नोंदींची आणि खातेवार नोंदींची. कागदावर तारखेनुसार लिहिलेले खात्यानुसार पाहायचे असेल तर ते पुन्हा उतरवून काढण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून खतावणी वेगळी होती. डेटाबेसमध्ये त्याच ओळी तारखेने लावल्या की रोजकीर्द दिसते आणि खात्याने लावल्या की खतावणी. दोन टेबले केली तर उतरवून काढण्यातल्या चुकाही आपण परत आणतो.

नावे आणि जमा यांसाठी दोन रकाने असावेत की चिन्हासह एकच?

आम्ही एकच रकाना ठेवतो: नावे धन, जमा ऋण. त्यामुळे व्हाउचर जुळले आहे का, हे पाहायला एका बेरजेचे उत्तर शून्य येते का एवढेच पाहावे लागते, आणि एकाच ओळीत दोन्ही बाजू भरल्या जाण्याची शक्यताच उरत नाही. रक्कम शून्य नसावी, अशी अट मात्र घालावी. लेखापालांना दोन रकान्यांत वाचायची सवय असते; त्यांच्यासाठी एक व्ह्यू करून द्यावा. दोन रकानेच ठेवायचे असतील तर दोन्हींपैकी नेमका एक शून्याहून मोठा आणि दुसरा शून्य असावा, हे बंधन टेबलावरच लिहावे.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. पासबुकात पैसे आले की 'जमा' छापलेले असते, आणि आपल्या वहीत मात्र त्याच पैशांसाठी बँकेचे खाते नावे पडते. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा असतो. तिच्या दृष्टीने आपण धनको आहोत, म्हणून तिच्याकडे आपले खाते जमा होते. स्टेटमेंट आयात करताना चिन्ह उलटायला विसरले की बँकेची सगळी बाकी उलटी दिसते.

खात्याच्या टेबलातच 'शिल्लक' हा रकाना ठेवला तर अहवाल झटपट निघतात. त्यात चूक काय?

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून ती तपशिलाने सांगतो. आमच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक वाशीच्या बाजार आवारातील एका घाऊक धान्य व्यापाऱ्यासाठी होते. पेढीवर दोन संगणक होते. एकावर बिले होत आणि दुसऱ्यावर वसुलीच्या पावत्या. एका किरकोळ दुकानदाराकडून 1,40,000 रुपये येणे होते. त्याचे 60,000 रुपयांचे नवे बिल आणि 25,000 रुपयांची पावती या दोन संगणकांवर एकाच क्षणी झाल्या. दोन्ही प्रोग्रामनी खात्यातून 1,40,000 हाच आकडा वाचला. पावतीच्या प्रोग्रामने वजाबाकी करून 1,15,000 लिहिले, आणि पाठोपाठ बिलाच्या प्रोग्रामने आपल्या बेरजेचे 2,00,000 त्यावर लिहिले. खरी बाकी 1,75,000 होती. पावती छापून दिलेली होती, तिची ओळही टेबलात होती, पण शिल्लक रकान्यात तिचा मागमूस नव्हता. दुकानदार पावती घेऊन पेढीवर आला तेव्हा मुनीमजींनी आमच्या शिलकेकडे पाहिलेही नाही. त्या खात्याच्या ओळी छापून घेतल्या, पेन्सिलीने एकेक ओळ बेरजून काढली आणि फरक दाखवून दिला.

शिल्लक वाचून परत लिहिण्याऐवजी 'शिल्लक वजा 25,000' अशी थेट आज्ञा डेटाबेसला दिली असती तर हा प्रसंग टळला असता, हे खरे आहे. तरीही एकच गोष्ट दोन ठिकाणी साठवल्याचा दोष राहतोच: शिल्लक एक सांगते आणि ओळींची बेरीज दुसरे, अशा वेळी कोणावर विश्वास ठेवायचा? उत्तर नेहमी 'ओळींवर' असेच असते. मग शिलकेचा रकाना मूळ नोंदीच्या बरोबरीने ठेवण्यात अर्थ उरत नाही.

वेगाची भीतीही बहुधा अवाजवी असते. दिवसाला 300 बिले, प्रत्येकी 5 ओळी आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर वर्षाला 4,50,000 ओळी होतात. खाते आणि तारीख यांवर इंडेक्स असेल तर एका खात्याची बेरीज साध्या संगणकावरही पटकन होते. त्याहून मोठे काम असेल तर महिनाअखेरच्या बेरजांचे वेगळे टेबल ठेवावे, पण फक्त कुलूप लावलेल्या महिन्यांचे, आणि ते केव्हाही पुसून ओळींमधून पुन्हा तयार करता यावे. चालू महिन्याची बेरीज साठवून ठेवली की मागच्या तारखेची एखादी नोंद येते आणि ती शिळी होते.

रोख शिल्लक ऋण होऊ नये, यासाठी काय करावे?

गल्ल्यात उणे 400 रुपये असू शकत नाहीत. म्हणून रोखीच्या खात्यावर ही तपासणी हवीच. पण 'बेरीज काढा, पुरेशी असेल तर पेमेंट लिहा' हे दोन टप्पे दोन संगणकांवर एकदम चालले, तर दोघांनाही रक्कम पुरेशी दिसते आणि दोघेही ती खर्च करतात. पेमेंटच्या ट्रान्झॅक्शनमध्ये आधी रोख खात्याची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट' करून अडवावी, मग बेरीज काढावी, मग नोंद लिहावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिरिअलायझेबल पातळी, म्हणजे ट्रान्झॅक्शने जणू एकामागून एक चालली असा परिणाम देणारी पातळी, वापरूनही हे साधते. मात्र त्या पातळीवर नाकारले गेलेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची तयारी प्रोग्राममध्ये असावी लागते.

व्हाउचरची बेरीज शून्य असलीच पाहिजे, ही सक्ती प्रोग्राममध्ये करावी की डेटाबेसमध्ये?

दोन्हीकडे करावी, पण शेवटचा शब्द डेटाबेसचा असावा. प्रोग्राम बदलतात, मोबाइलचे ॲप नंतर येते, एक्सेलमधून आयात करणारी स्क्रिप्ट कोणीतरी रात्री घाईने लिहितो, आणि यांपैकी एकानेही तपासणी गाळली की न जुळणारी नोंद आत शिरते. ती सापडते सहसा लेखापरीक्षणाच्या वेळी, जेव्हा ती कोणी केली हे कोणालाच आठवत नसते.

अडचण अशी की ओळी एकामागून एक लिहिल्या जातात आणि पहिली ओळ लिहिली त्या क्षणी बेरीज शून्य असूच शकत नाही. पोस्टग्रेसमध्ये यावर कॉन्स्ट्रेंट ट्रिगर हा उपाय आहे. तो पुढे ढकलता येण्याजोगा ठेवला की तपासणी प्रत्येक ओळीनंतर न होता कमिटच्या वेळी होते. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे हा ट्रिगर ओळीगणिक एकदा चालतो, त्यामुळे 600 ओळींच्या एका जर्नल व्हाउचरसाठी तीच बेरीज 600 वेळा काढली जाते. दुसरी अधिक नाजूक आहे: ओळींच्या टेबलावरचा ट्रिगर एकही ओळ नसलेले व्हाउचर पकडू शकत नाही, कारण तो चालायला निदान एक ओळ तरी लागते. म्हणून व्हाउचरच्या टेबलावरही तपासणी हवी.

या दोन्ही अडचणींतून आम्ही जुन्या वह्यांच्या पद्धतीने वाट काढतो. व्हाउचरला 'कच्चे' आणि 'पक्के' अशी अवस्था ठेवतो. कच्च्या व्हाउचरला हव्या तितक्या ओळी जोडता येतात, काढता येतात, बदलता येतात. ते पक्के करण्याच्या क्षणी एकच ट्रिगर पाहतो की निदान दोन ओळी आहेत आणि त्यांची बेरीज शून्य आहे, आणि त्यानंतर त्या ओळींना कोणी हात लावू शकत नाही. अहवालांत फक्त पक्की व्हाउचरे धरायची.

मायएसक्यूएलमध्ये पुढे ढकलता येणारी बंधने नाहीत. शिवाय 8.0.16 पूर्वीच्या आवृत्त्या चेक बंधन बिनतक्रार स्वीकारतात आणि पाळत मात्र नाहीत, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर आपण सुरक्षित आहोत असा खोटा भास होतो. तेथे पक्के करण्याचे काम एका स्टोअर्ड प्रोसीजरकडे द्यावे आणि प्रोग्रामच्या डेटाबेस वापरकर्त्याला ती चालवण्यापुरताच अधिकार ठेवावा.

रकमेसाठी फ्लोट चालेल का?

नाही. दशांशातले 0.1 आणि 0.2 बायनरीत नेमके लिहिता येत नाहीत, त्यामुळे त्यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही आणि 'शून्य आहे का' ही आपली मुख्य तपासणीच डळमळते. दोन दशांश स्थळांचा न्यूमरिक किंवा डेसिमल प्रकार वापरावा, किंवा पैशांत पूर्णांक साठवावा. 59,000 रुपये म्हणजे 59,00,000 पैसे.

प्रकार योग्य निवडला तरी पूर्णांकनाचा प्रश्न उरतोच. करपात्र रक्कम 1,237.50 असेल तर तिचे 9 टक्के 111.375 होतात. दोन्ही कर वेगवेगळे पूर्णांकित केले की 111.38 आणि 111.38, म्हणजे 222.76, पण 18 टक्के एकदम काढले तर 222.75. प्रत्येक कर त्याच्या ओळीवर पूर्णांकित करावा आणि एकूण रक्कम त्या ओळींच्या बेरजेतून काढावी, उलट दिशेने नव्हे. या बिलाची बेरीज 1,460.26 येते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत, आणि ग्राहक तर पूर्ण रुपयेच देतो. म्हणून ग्राहक 1,460.00 ला नावे आणि 'पूर्णांकन फरक' हे खाते 0.26 ला नावे करावे. हे खाते नसले की प्रोग्रामर ते 26 पैसे विक्रीतून वजा करतात आणि मग जीएसटीच्या विवरणपत्राशी विक्री जुळत नाही.

चुकीची नोंद झाली तर ती दुरुस्त कशी करावी?

उलट नोंद करून. मूळ व्हाउचर जसेच्या तसे राहते, त्याच ओळी विरुद्ध चिन्हाने असलेले दुसरे व्हाउचर होते, आणि हवे असल्यास बरोबर नोंदीचे तिसरे. उलट व्हाउचरमध्ये 'मूळ व्हाउचर' हा रकाना असावा आणि त्यावर युनिक बंधन असावे, म्हणजे एकच नोंद चुकून दोनदा उलटली जाणार नाही. प्रोग्रामच्या डेटाबेस वापरकर्त्याकडून पक्क्या ओळींवरचे अपडेट आणि डिलीटचे अधिकार काढून घ्यावेत. पुसण्याचे बटण केवळ लपवून ठेवणे पुरेसे नाही.

यामागे कायदाही आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार कंपनीची हिशेबपुस्तके द्विनोंदी पद्धतीने आणि उपार्जन तत्त्वावर (पैसे हाती येण्याजाण्याची वाट न पाहता व्यवहार झाला तेव्हाच नोंद) ठेवावी लागतात आणि 8 आर्थिक वर्षांची पुस्तके जपावी लागतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीने वापरलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग, म्हणजे ऑडिट ट्रेल, असणे आणि तो बंद न करता येणे बंधनकारक आहे. गोखले रोडवरील दुकाने बहुधा एकल मालकीची किंवा भागीदारीची असतात आणि त्यांना हा नियम लागू नाही. तरीही आम्ही त्यांच्यासाठी वेगळी, सैल रचना करत नाही. मालकाचा मुलगा पुढे कंपनी स्थापन करतो तेव्हा जुना डेटा तोच असतो.

विक्री बिलाच्या बाबतीत एक पथ्य आहे. ग्राहकाला दिलेले बिल निव्वळ उलट जर्नलने मिटवू नये. जीएसटीखाली त्यासाठी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा ग्राहकाला दिलेला कागद, आहे, आणि उलट नोंद त्या प्रकारच्या व्हाउचरनेच व्हावी.

व्हाउचर क्रमांकासाठी डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक वापरावा का?

अंतर्गत की म्हणून जरूर वापरावा, पण छापील बिल क्रमांक म्हणून नाही. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स काय किंवा मायएसक्यूएलचा ऑटो-इन्क्रिमेंट काय, ट्रान्झॅक्शन फसले तरी वापरलेला क्रमांक परत देत नाहीत. म्हणून 117 नंतर थेट 119 येतो आणि लेखापरीक्षक 118 कुठे आहे असे विचारतो. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक सलग असावा, त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा आणि 16 चिन्हांपेक्षा मोठा नसावा; त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, आडवी आणि तिरकी रेघ चालते. ठाणे शाखेसाठी तीन अक्षरे, तिरकी रेघ, 25-26, पुन्हा तिरकी रेघ आणि पाच अंकी क्रमांक, असे 15 चिन्हांत बसते.

त्यासाठी कंपनी, आर्थिक वर्ष आणि व्हाउचर प्रकार यांचे एक छोटे टेबल ठेवावे, व्हाउचर पक्के करण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यातली ओळ अडवून क्रमांक एकाने वाढवावा आणि तोच व्हाउचरला द्यावा. यामुळे बिले एकामागून एक रांगेत पक्की होतात, पण दुकानाच्या किंवा पेढीच्या कामात ती रांग जाणवतही नाही.

तारखेचे किती रकाने ठेवावेत?

निदान दोन: व्यवहाराची तारीख आणि नोंद प्रत्यक्ष केल्याची वेळ. पहिली माणूस ठरवतो आणि ती मागची असू शकते. दुसरी सर्व्हर देतो आणि ती कोणालाही बदलता येऊ नये. पुरवठादाराच्या बिलाची त्याची स्वतःची तारीखही असते, ती खरेदीच्या तपशिलात वेगळी ठेवावी.

व्यवहाराची तारीख निव्वळ तारीख म्हणून साठवावी, वेळेसह नव्हे. वाशीच्या भाजीबाजारात माल मध्यरात्रीनंतर येतो आणि उजाडण्यापूर्वी बरीच विक्री होऊन जाते. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि तारीख त्याच्या घड्याळावरून काढली, तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंतचे प्रत्येक बिल आदल्या दिवसाच्या नावावर पडते. इतर धंद्यांत ही चूक वर्षातून एखाद्या रात्री दिसते. भाजीच्या गाळ्यावर ती रोज होते, आणि 1 एप्रिलच्या पहाटे तर विक्री थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक सभासदाचे वेगळे खाते उघडावे का?

घोडबंदर रोडवरील 300 सदनिकांच्या संस्थेसाठी खात्यांच्या टेबलात 300 नावे घालणे शक्य आहे, पण आमचे मत त्याविरुद्ध आहे. ताळेबंदात 'सभासदांकडून येणे' हा एकच आकडा जातो. म्हणून खाते एकच ठेवावे आणि पक्षकारांचे वेगळे टेबल करून ओळीत पक्षकाराचा संदर्भ द्यावा. या खात्यावरच्या ओळीत पक्षकार रिकामा असू नये, अशी अट घालावी. मग सभासदवार यादीची बेरीज आणि खात्याची बाकी यांत फरक पडायला जागाच राहत नाही. व्यापाऱ्याच्या ग्राहकांसाठी आणि पुरवठादारांसाठीही हीच रचना चालते.

पक्षकार म्हणजे माणूस की सदनिका, हे आधी ठरवावे लागते. सदनिका विकली गेली की जुन्या सभासदाचा उतारा नव्याला दाखवता येत नाही, पण सदनिकेचा सलग इतिहास समितीला हवा असतो. म्हणून सदनिका, व्यक्ती आणि 'कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत' हे जोडणारे सभासदत्वाचे टेबल करावे आणि पक्षकार म्हणून त्या सभासदत्वाचा संदर्भ द्यावा.

आकारणीचे शीर्षक कोणत्या खात्यात जाते, हेही टेबलात असावे, प्रोग्राममध्ये नव्हे. देखभाल शुल्क उत्पन्नात जाते. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरसाल निदान 0.25 टक्के दराने घेतली जाणारी सिंकिंग फंडाची (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीची) वर्गणी मात्र उत्पन्न नसून निधी आहे आणि ती ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसायला हवी. थकबाकीवरचे व्याज सरळ व्याज असते आणि दरसाल 21 टक्क्यांच्या वर जात नाही. सर्वसाधारण सभा तो दर बदलते, म्हणून प्रत्येक दराला 'लागू दिनांक' जोडावा.

कोणत्या पावतीने कोणते बिल फिटले, हे कुठे ठेवावे?

चौथ्या टेबलात: पावतीची ओळ, बिलाची ओळ आणि लावलेली रक्कम. एकाच पावतीने तीन बिले फिटतात आणि एक बिल दोन हप्त्यांत फिटते, त्यामुळे बिलाच्या ओळीत पावतीचा क्रमांक लिहून भागत नाही. हे टेबल आमच्या मूळ नियमाला सन्माननीय अपवाद आहे. ग्राहकाने नंतर फोन करून पैसे जूनच्या नव्हे, मेच्या बिलाचे होते असे सांगितले, तर ही जोडणी खुशाल बदलावी. खात्याची बाकी त्याने एका पैशानेही हलत नाही.

वर्ष किंवा महिना 'बंद' कसा करावा?

कंपनीगणिक एक 'कुलूप तारीख' ठेवावी आणि त्या तारखेपर्यंतचे कोणतेही व्हाउचर पक्के होऊ देऊ नये. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांची विक्रीची माहिती पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि कराचा भरणा 20 तारखेपर्यंत जातो, म्हणून विक्रीचे कुलूप आणि सर्वसाधारण कुलूप वेगळे ठेवणे सोयीचे पडते. लेखापरीक्षक घसाऱ्याच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 31 मार्चच्या तारखेने सुचवतात, तेव्हा कुलूप उघडता आले पाहिजे. मात्र कोणी, केव्हा आणि का उघडले, याची ओळ राहिली पाहिजे.

उत्पन्न आणि खर्चाची खाती भांडवलात वर्ग करणारे वर्षअखेरचे व्हाउचर वेगळ्या प्रकारचे असावे आणि नफा-तोटा पत्रकाने ते वगळावे. नाहीतर मागच्या वर्षाचे पत्रक काढले की सगळीकडे शून्य दिसते.

एकाच डेटाबेसमध्ये अनेक कंपन्या ठेवता येतील का?

येतील. प्रत्येक टेबलात कंपनीचा रकाना ठेवावा आणि परकी की कंपनी व क्रमांक या जोडीवर असावी, म्हणजे एका कंपनीच्या व्हाउचरमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते कधीच येऊ शकणार नाही.

तेरीज (सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची यादी, ट्रायल बॅलन्स) जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे समजावे का?

समजू नये. वरची रचना पाळली तर तेरीज नेहमीच जुळेल, आणि म्हणूनच तिच्या जुळण्याने फारसे काही सिद्ध होत नाही. वीजबिल भाड्याच्या खात्यात टाकले, एखादे खरेदी बिल नोंदवलेच नाही किंवा तेच दोनदा नोंदवले, तरी दोन्ही बाजू सारख्याच राहतात.

दुबार नोंदीचा बंदोबस्त टेबलांतच करता येतो. खरेदीवर पुरवठादार, त्याचा बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिघांवर मिळून युनिक बंधन ठेवावे. पडद्यावरचे 'जतन करा' बटण नेट मंद असताना दोनदा दाबले जाते. त्यासाठी प्रत्येक अर्ज उघडतानाच एक विनंती क्रमांक तयार करून तो व्हाउचरवर युनिक म्हणून साठवावा, म्हणजे दुसरी नोंद आपोआप नाकारली जाते. राहून गेलेल्या नोंदी मात्र बाहेरच्या कागदाशी ताडूनच सापडतात. बँकेच्या स्टेटमेंटच्या ओळींचे वेगळे टेबल ठेवून त्या आपल्या ओळींशी जोडाव्यात, आणि खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या 2बी विवरणाशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या यादीशी, ताडावी.

आमच्या सर्व्हरवर रोज रात्री काही साध्या क्वेरी चालतात: शून्य न येणारी पक्की व्हाउचरे, बिल क्रमांकांतले खंड, पक्षकार नसलेल्या येणे-देण्याच्या ओळी, ऋण रोख शिल्लक, आणि साठवलेल्या महिनाअखेर बेरजा व ओळींची बेरीज यांतला फरक. यांपैकी कशातही एक जरी ओळ मिळाली तर दुसऱ्या दिवशीचे पहिले बिल होण्याआधी ती कोणीतरी डोळ्यांनी पाहतो. भाजीबाजारातील पेढ्यांसाठी या क्वेरी रात्री 10 लाच चालवाव्या लागतात.